मलबार हिलचे मालक

आमच्या घराण्यात जमीनदार असा कुणी झाला नाही. पणजोबा कोकणातून मुंबईला आले ते भाडेकरू म्हणून, आजोबा भाडेकरू म्हणूनच गेले, आणि वडिलांनी तर भाडेकरूपण एखाद्या व्रतासारखं पाळलं. गिरगावातल्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. ‘आमच्या’ हे आपलं प्रेमानं म्हणायचं. कायद्यानं त्या शेठच्या होत्या. भाडं महिना रुपये साडेबारा. भाडेनियंत्रणाच्या १९४७ च्या कायद्यानं १ सप्टेंबर १९४० या दिवशी जे भाडं होतं तेच प्रमाण धरलं, आणि तेव्हापासून आमचं भाडं, चाळीचा रंग आणि मोरीचा नळ या तिन्ही गोष्टी जिथल्या तिथं थांबल्या. भाडं वाढत नाही म्हणून शेठ डागडुजी करीत नसे आणि डागडुजी होत नाही म्हणून भाडेकरू कुरकुरत. कुरकुरीला भाडं पडत नसल्यामुळं ती भरपूर असे.

अशा घरातला मी, वयाच्या नवव्या वर्षी, म्हणजे १९६८ च्या मे महिन्यात, मलबार हिलचा मालक झालो. नुसती रिकामी जमीन नव्हे हो! वर तीन घरं बांधली होती आणि चौथ्या फेरीला हॉटेल काढण्याचा विचार चालला होता.

सुज्ञ वाचकांनी ओळखलंच असेल. ‘व्यापार’. ज्यांच्या घरी इंग्रजी बोलत ते त्याला ‘बिझनेस’ म्हणत आणि ज्यांचे काका परदेशी होते ते ‘मोनोपॉली’. आमचे काका परदेशी नव्हते. ते आमच्याच खोलीत, कपाटाच्या मागं पडदा लावून राहत. पण हा खेळ आमच्याकडं आला तो त्या काकांमुळंच. दुकानातला खोका मागितला तेव्हा वडिलांनी किंमत ऐकून, “एवढ्यात खऱ्या खोलीचं भाडं भरून होईल,” असं सांगितलं होतं. हिशेबाच्या दृष्टीनं ते बरोबरही होतं.

अप्पाकाका एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. त्यांनी माझं तोंड पाहिलं, काही बोलले नाहीत. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडं खरा ‘व्यापार’ होता. तिथं जाऊन काका एक संध्याकाळ नुसते बघत बसले. मग दोन रविवार खर्ची घालून त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर, ऑफिसातल्या काळ्या शाईनं, पट्टी-गुण्यानं पट आखला. खाली साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, तो खळीनं चिकटवलेला. नोटा म्हणजे बेस्टची वापरलेली तिकिटं, रंगावरून किंमत. घरं म्हणजे चिंचोके, हॉटेल म्हणजे सागरगोटा. फासा लुडोतला, तो एकच असल्यामुळं दोनदा टाकायचा. सोंगट्या प्रत्येकानं आपापल्या आणायच्या: माझं कोटाचं बटण, कुणाची बाटलीची बुचं, आणि खालच्या मजल्यावरच्या बेबीची तुटक्या पैंजणाची घुंगरं. ती पटावरून फिरायला लागली की आपल्या खिशाकडं कोण चाललं आहे हे आवाजावरूनच कळे.

गावांची नावं काकांनी आपल्या मनाची घातली. मलबार हिल, मरीन लाइन्स, काळबादेवी, लालबाग, आणि सगळ्यांत स्वस्त आमची गल्ली. एके ठिकाणी मात्र घोटाळा झाला. ‘वाळकेश्वर’ लिहिताना घरातून चहाची हाक आली असावी. त्यातला ‘ळ’ राहून गेला आणि पटावर कायमचं ‘वाकेश्वर’ उमटलं. काळ्या शाईचं अक्षर, खोडता येईना. काका म्हणाले, “राहू दे. भाडं तेवढंच पडेल.”

हे वाकेश्वर लक्षात ठेवा. पुढं कामाला येणार आहे.

त्या मे महिन्यात गॅलरीत जे काही झालं त्याला खेळ म्हणावं की कज्जा, हे मी अजून ठरवलेलं नाही. खेळणारे सहा, सल्लागार नऊ, आणि बँक सांभाळायला काका. जाणारे-येणारे पाण्याच्या बादल्या घेऊन पटावरून ढांगा टाकत. नियम रोज थोडेथोडे वाढत. दंडाचे पैसे मधे ठेवायचे आणि एका ठराविक घरात येईल त्यानं उचलायचे, हा नियम कुणी केला ठाऊक नाही, पण तो मोडायची कुणाची छाती नव्हती. जेवायला हाक आली तर डाव तसाच ठेवायचा, पण बेबीची आई तिला बोलवायला लागली तर मात्र बँकेनं नोटा मोजून घ्यायच्या. बेबी कर्जमाफीच्या विरुद्ध होती. एकदा मी काळबादेवीला तिच्या हॉटेलात अडकलो आणि पैसे पुरेनात, तेव्हा तिनं माझ्याकडून मलबार हिल, पाच चिंचोके आणि खरी पेन्सिल वसूल केली.

महिन्याच्या सुरुवातीला भाडं घ्यायला शेठचे मेहताजी यायचे. त्या दिवशी ते आमच्या डावाशी थबकले. पावत्यांचं पुस्तक काखेत धरून त्यांनी सगळा पट वाचला.

“मलबार हिलनुं भाडुं केटला?” त्यांनी विचारलं.

“दोनशे. घरं बांधली की नऊशे,” बेबी म्हणाली.

मेहताजी बराच वेळ चिंचोक्यांकडं बघत राहिले. मग आमच्या वडिलांकडून साडेबारा रुपये घेऊन पावती फाडताना म्हणाले, “आमच्या शेठला हा खेळ शिकवा.”

पावसाळ्यापर्यंत चाळीत या पटाच्या चार नकला झाल्या. एक ठाण्याला कुणाच्या मावशीकडं गेली, तिच्यावरून पुढं आणखी झाल्या म्हणे. प्रत्येकानं आपल्या आवडीची गावं घातली. पण वाकेश्वर बघाल तिथं वाकेश्वरच! कुणाला ती चूक वाटलीच नाही. पटावर तसं होतं, म्हणजे तसंच असणार.

यानंतर पन्नासहून अधिक वर्षं मी या विषयाचा विचार केला नाही. मग दोन वर्षांपूर्वी नातीनं मला एका कॅफेत नेलं. तिथं कॉफीबरोबर बैठे खेळ मिळतात. भिंतभर खोके, आणि टेबलाला तासाप्रमाणं पैसे. आधी मला हसू आलं. गॅलरीत फुकट बसायचो, आता बसायचंही भाडं! पण पाहतो तर एकमेकांना कधी न भेटलेली पोरं चार-चार तास एका टेबलाशी बसली होती, भांडत होती, आणि एकाचाही फोन बाहेर नव्हता. त्यांनी मलाही ओढून बसवलं. दोन मेंढ्या देऊन एक वीट घ्यायची, असा काहीतरी व्यवहार होता. हा ‘कॅटान’ नावाचा जर्मन खेळ १९९५ साली क्लाउस टॉयबर या गृहस्थानं काढला. हा माणूस पेशानं कृत्रिम दात करणारा तंत्रज्ञ. वीट मला मिळाली नाही. मेंढ्या मात्र गेल्या.

मी आपलं ज्येष्ठ या नात्यानं ‘व्यापार’बद्दल बोलायला लागलो. त्यावर एक दाढीवाला तरुण अत्यंत नम्रपणे म्हणाला, “अंकल, मोनोपॉली हा वाईट खेळ आहे.”

आता माझ्या मलबार हिलला कुणी वाईट म्हणतो म्हणजे काय! मी चढलो. तो म्हणाला, “म्हणजे मुद्दामच वाईट केलाय. एकजण श्रीमंत होतो नि बाकीचे रडतात, हेच दाखवायचं होतं तो काढणाऱ्या बाईला.”

“बाईला?”

घरी येऊन मी शोधाशोध सुरू केली. निवृत्त माणसाला राग आला की तो वाचनालय गाठतो. आणि जे वाचलं त्यानं राग गेला पण झोपही गेली.

या बाईंचं नाव एलिझाबेथ मॅगी, लिझी म्हणत. जन्म १८६६, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात. वडील वर्तमानपत्रवाले, गुलामगिरीच्या विरुद्ध लिहिणारे. लिझीबाई लघुलेखिका. पण नुसतं दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेणाऱ्या नव्हत्या. टंकलेखन यंत्रात कागद नीट सरकावा म्हणून त्यांनी एक सुधारणा शोधली आणि १८९३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्या काळी पेटंट घेणारी बाई म्हणजे आमच्या चाळीत भाडं वेळेवर देणारा भाडेकरू; असे, पण विरळा.

या बाई हेन्री जॉर्ज या अर्थशास्त्रज्ञाच्या अनुयायी होत्या. जॉर्जसाहेबांनी १८७९ साली एक ग्रंथ लिहून सांगितलं की, माणसानं आपल्या हातानं जे केलं ते त्याचं, पण जमीन काही कुणी केलेली नाही. तेव्हा बाकीचे सगळे कर काढून टाका आणि फक्त जमिनीच्या किमतीवर एकच कर बसवा. आजूबाजूला गाव वाढलं, रस्ते झाले, माणसं आली म्हणून मोकळ्या प्लॉटची किंमत वाढते. त्यात मालकानं काय केलं? तो घरी झोपला होता! आमचे वडील हे न वाचताच दर महिन्याच्या एक तारखेला असंच काहीसं बोलत असत.

व्याख्यानं देऊन लोक ऐकत नाहीत हे लिझीबाईंना कळलं. म्हणून त्यांनी खेळ केला: ‘लँडलॉर्ड्स गेम’, घरमालकाचा खेळ. ५ जानेवारी १९०४ रोजी त्याचं पेटंट मिळालं. चौकोनी पट, चारी कडांनी जागा, जागा घ्या, भाडं घ्या, आणि पटाला शेवट नाही, फिरत राहा. कोपऱ्यात तुरुंग. एका कोपऱ्यात धरणीमाता. तिच्यावरून गेलं की श्रमाची मजुरी मिळे. आम्ही फेरी पुरी झाली की बँकेकडून दोनशे रुपये मागायचो ते हेच! आम्हांला वाटे ते चालण्याचे पैसे आहेत. तुरुंगाची गंमत तर आणखी. एका परदेशी लॉर्डसाहेबांची खाजगी जमीन पटावर होती. तिथं चुकून पाय पडला की थेट तुरुंग.

बाईंनी नियमांचे दोन संच केले. एकात मक्तेदारी, एकजण सगळं गिळतो. दुसऱ्यात जमिनीचं भाडं मालकाच्या खिशात न जाता सार्वजनिक तिजोरीत जातं आणि त्यातून सगळ्यांचं बरं होतं. पुढं तर त्यांनी असाही नियम केला की, सर्वांत गरीब खेळाडूचे पैसे दुप्पट झाले की डाव संपला आणि सगळेच जिंकले. बाईंची कल्पना अशी की लोक दोन्ही प्रकार खेळतील, तुलना करतील आणि शहाणे होतील. किती हा विश्वास! लोकांनी पहिला नियम उचलला आणि दुसरा खोक्यात ठेवला. दुसऱ्याला भिकेला लावण्याची फुकट सोय झाल्यावर शहाणं व्हायला कोण बसतो?

बाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. १९०६ साली, आठवड्याला जेमतेम दहा डॉलर पगारात भागेना तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की एक तरुण अमेरिकन गुलाम स्त्री विकणे आहे. जास्त बोली लावील त्यानं घ्यावी. स्वतःचीच! खळबळ उडाली. बाईंना सांगायचं होतं ते एवढंच, की पोटासाठी नोकरी करणाऱ्या बाईची बाजारात काय किंमत आहे ते बघा.

खेळ दुकानांत फारसा खपला नाही. पण तो पसरला, आणि कसा पसरला हे वाचताना मला आमची गॅलरी दिसायला लागली. जॉर्जपंथी लोकांनी डेलावेअर राज्यात १९०० साली आर्डन नावाचं गाव वसवलं होतं. तिथं तो घरोघर खेळत. तिथून स्कॉट निअरिंग नावाच्या प्राध्यापकानं उचलून तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात विद्यार्थ्यांना शिकवला. विद्यार्थ्यांनी सुटीत आपापल्या घरी नेला. प्रत्येकानं पट हातानं काढायचा, कापडावर, मेणकापडावर. आपल्या गावातल्या रस्त्यांची नावं घालायची. सोंगट्या म्हणून घरातलं किडूकमिडूक वापरायचं. नाव हळूहळू ‘मोनोपॉली’ पडलं. एकोणीसशे तीसच्या सुमाराला अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या गावी तो क्वेकरपंथी मंडळींत पोचला. हे लोक शांतताप्रिय. जागांचा लिलाव करताना होणारा आरडाओरडा त्यांना नको होता, म्हणून त्यांनी पटावर किमतीच लिहून टाकल्या. आमच्या चाळीत असले क्वेकर एक बिऱ्हाड जरी असतं, तरी बेबीला थोडी जरब बसली असती.

त्या क्वेकर मंडळींकडून हा खेळ फिलाडेल्फियाच्या चार्ल्स टॉड यांच्या घरी आला. टॉड यांनी आपल्यासाठी नक्कल काढली आणि एका पाहुण्या जोडप्याला खेळायला शिकवलं. पाहुण्याचं नाव चार्ल्स डॅरो. मंदीत नोकरी गेलेला विक्रेता. डॅरोला खेळ फारच आवडला. त्यानं टॉडकडून नियम लिहून घेतले. मग पट सुबक काढला, रंग भरले आणि आपला म्हणून विकायला सुरुवात केली. १९३५ साली पार्कर ब्रदर्स या कंपनीनं तो विकत घेतला, डॅरोच्या नावे पेटंट झालं आणि डॅरो लक्षाधीश झाला. बेकार माणसानं घरी बसून, मुलाबाळांसाठी खेळ शोधला, ही गोष्ट मग वर्षानुवर्षं खेळाबरोबर सांगितली गेली. गोष्ट गोड आहे. मीसुद्धा रडलो असतो.

आणि लिझीबाई? कंपनीला बाईंचं जुनं पेटंट आड येत होतं. ते पाचशे डॉलरना घेतलं. मानधनाचा पुढं काही प्रश्न नाही. बाईंना आधी आनंदच झाला, आता आपला विचार घरोघर जाईल म्हणून! गेला तो डॅरोचा खोका. १९३६ च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रांनी या बाईंची मुलाखत छापली, जुने पट हातांत धरून काढलेल्या फोटोसह. त्यानं काही झालं नाही. १९४० च्या शिरगणतीत त्यांनी आपला व्यवसाय ‘खेळ तयार करणे’ असा सांगितला आणि उत्पन्नाच्या रकान्यात शून्य लागलं. १९४८ साली त्या गेल्या.

ही सगळी हकिगत उजेडात आली तीही अपघातानं. सॅन फ्रान्सिस्कोतले एक अर्थशास्त्राचे प्राध्यापक, राल्फ ऍन्सपाक, यांनी १९७३ साली ‘अँटी-मोनोपॉली’ नावाचा उलटा खेळ काढला. कंपनीनं हरकत घेतली आणि खटला उभा राहिला. १९७७ साली एका निकालानंतर या प्राध्यापकांच्या खेळाचे सुमारे ४०,००० खोके मिनेसोटातल्या कचरा डेपोत गाडले गेले. आपण असतो तर तिथंच हात जोडले असते. प्राध्यापक उलट म्हातारी क्वेकर मंडळी शोधत गावोगाव हिंडले. त्यांचे जुने, हातानं काढलेले पट माळ्यांवरून खाली आले. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयानं कंपनीचं अपील ऐकायला नकार दिला आणि प्राध्यापक जिंकले.

त्या पटांत एक पुरावा असा होता की तो वाचून मी खुर्चीतून उठलो. अटलांटिक सिटीशेजारी ‘मार्व्हेन गार्डन्स’ नावाची वस्ती आहे. मार्गेट आणि व्हेंटनॉर या दोन गावांच्या नावांचे तुकडे जोडून ते नाव केलेलं. टॉडसाहेबांनी पट काढताना चुकून ‘मार्व्हिन’ लिहिलं. डॅरोच्या पटावरही ‘मार्व्हिन’! स्वतः शोध लावणाऱ्यानं नेमकी टॉडचीच चूक कशी केली? आणि पुढं छापलेल्या लाखो खोक्यांवर ती तशीच गेली.

म्हणजे वाकेश्वर!

मग रात्री पडल्यापडल्या मला अप्पाकाकांची काळजी वाटायला लागली. काका १९८९ साली गेले. पण त्यांनी जे केलं ते काय होतं? डॉक्टरांकडं जाऊन, बघून, घरी येऊन काढलं, म्हणजे तसं पाहिलं तर चोरीच की! डॅरोनं काय वेगळं केलं? मी बराच वेळ हिशेब मांडला. काकांनी मूळ खेळाची नक्कल केली, चाळीनं काकांची केली, ठाण्यानं चाळीची केली, आणि कुणी कुणाकडं दिडकी मागितली नाही. मॅगीबाईंपासून क्वेकरांपर्यंत तीस वर्षं हेच चाललं होतं. कुणी किमती घातल्या, कुणी नाव दिलं, कुणी रस्ते. डॅरोनं फक्त एक गोष्ट जास्त केली. खाली आपली सही ठोकली. काकांच्या पटावर सही नाही. मी भिंग घेऊन पाहिलं. कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग आहे. तो त्यांचाच असावा.

पट माझ्याकडं कसा, असं तुम्ही विचाराल. चाळ २०१४ साली पाडली. तिच्या जागी इमारत झाली, आणि घराण्यातला पहिला घरमालक म्हणून मी बाराव्या मजल्यावर राहायला आलो. मालकीची कागदपत्रं ज्या ट्रंकेत ठेवायला गेलो तिच्यातच, पेपराखाली, हा पट निघाला. तिकिटांच्या नोटा विरल्या आहेत. चिंचोक्यांना कीड लागून भोकं पडली आहेत, म्हणजे मलबार हिलवरच्या घरांनासुद्धा डागडुजी लागणार. नव्या इमारतीत गॅलरी नाही. लिफ्टसमोर जी जागा आहे तिथं बसलं तर वॉचमन विचारतो, “साहेब, चक्कर आली का?”

तरी गेल्या मे महिन्यात मी डाव मांडलाच. नातीनं फासे आणले, आता दोन. तो दाढीवाला आला, त्याच्या दोन मैत्रिणी आल्या. आणि सातव्या मजल्यावरून बेबी आली. बेबी आता सदुसष्ट वर्षांची आहे, तिच्या गुडघ्यांत वाटी बदललेली आहे आणि तिनं येताना पर्समधून घुंगरू काढलं. एकच उरलं होतं. आम्ही अर्थातच जमिनीवर न बसता टेबलाशी बसलो.

मी खाकरून सगळ्यांना लिझीबाईंची गोष्ट सांगितली. दाढीवाल्यानं मान डोलावली, नातीनं हळूच डोळे पुसले. मग मी म्हणालो की आज आपण बाईंच्या दुसऱ्या नियमानं खेळू. भाडं कुणाच्या खिशात नाही, सगळं मधे. सर्वांत गरिबाचे पैसे दुप्पट झाले की आपण सगळे जिंकलो. सगळ्यांना पटलं. दोन फेऱ्या अतिशय सलोख्यानं झाल्या. लोक एकमेकांना बिस्किटं देत होते.

तिसऱ्या फेरीला माझं बटण वाकेश्वरावर येऊन थांबलं. मी एकशेचाळीस मोजले आणि मधल्या तिजोरीत टाकायला हात पुढं केला. बेबीनं वरून माझं मनगट धरलं.

“ही जागा कुणाची?” तिनं विचारलं.

“तुझी. पण बेबी, आज आपण त्या बाईंच्या…”

“त्या बाई मोठ्या असतील रे,” बेबी म्हणाली, “पण वाकेश्वर मी अडुसष्ट सालापासून धरून आहे. काढ इकडं.”